मुलीला ‘पब्लिक पॉलिसी’त पीएच.डी. करायची आहे...

मगरिबची नमाज झाली आणि मशिदीच्या पायऱ्यांवर चपला घालत असताना आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे अब्बा भेटले. बागवान बिरादरीतले, फळांचा व्यवसाय करणारे, पहाटे चारला मार्केट यार्ड गाठणारे गृहस्थ. मुलगी आमच्या उर्दू शाळेतून दहावी झाली, पुढे मराठी माध्यमाच्या कॉलेजात गेली आणि राज्यशास्त्रात एम.ए. झाली. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, जरा सल्ला पाहिजे. पोरगी म्हणते पीएच.डी. करायची. विषय काय, तर पब्लिक पॉलिसी. आमच्या घरात एलआयसीच्या दोन पॉलिस्या आहेत. त्याच्यासाठी पीएच.डी. कशाला लागते?”

आम्ही हसलो, तेही हसले. पण पुढचे प्रश्न हसण्यासारखे नव्हते. पाच-सहा वर्षे लागतात असे ऐकले, तेवढा पैसा कुठून आणायचा? आता तेवीस संपले, मग निकाह कधी करायचा? एवढे शिकून नोकरी कसली मिळते? आणि शिकवायचेच असेल तर बी.एड. पुरेसे नाही का?

पायऱ्यांवर उभ्या उभ्या देता येतील अशी ही उत्तरे नव्हती. आम्ही त्यांच्याकडून चार दिवस मागून घेतले. माहिती काढली, जाणत्यांना विचारले. जे त्यांना सांगितले, तेच इथे लिहीत आहोत, कारण हे प्रश्न आता अनेक घरांत येऊ लागले आहेत. अल्हम्दुलिल्लाह, आपल्या मुली एम.ए., एम.एस.डब्ल्यू.पर्यंत पोहोचल्या आहेत. पुढची पायरी कोणती, हे सांगणारे मात्र घरात कोणी नसते.

पॉलिसी म्हणजे काय?

पब्लिक पॉलिसी म्हणजे सार्वजनिक धोरण. सरकारने काय करायचे, कोणासाठी करायचे, किती पैशात करायचे, आणि ठरवल्यावर ते माणसापर्यंत खरोखर पोहोचले का, याचा अभ्यास. रेशनचे धान्य, शाळेतली खिचडी, घरकुल, शिष्यवृत्ती, मुलींचा एस.टी.चा मोफत पास ही सगळी धोरणेच. पास मिळाला, पण शाळेच्या वेळेला बसच येत नसेल तर त्या पासाचा उपयोग किती? असा प्रश्न विचारणे, गावोगाव फिरून त्याचे उत्तर मोजणे आणि नियमात काय बदल करावा हे पुराव्यासह सांगणे, हे या विषयातल्या संशोधकाचे काम.

आपल्याला हा विषय नवा वाटायला नको. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतला एक वाकिआ इतिहासाच्या ग्रंथांत येतो. त्यांनी ‘दीवान’ म्हणजे नोंदवही सुरू केली आणि लोकांना बैतुलमालमधून वजीफे ठरवून दिले. बाळाचा वजीफा त्याचे दूध सुटल्यावर सुरू होत असे. एका रात्री मदिनेबाहेर उतरलेल्या काफिल्यावर पहारा देताना त्यांना एका बाळाचे रडणे पुन्हा पुन्हा ऐकू आले. आईला विचारले, तेव्हा समजले की ती बाळाचे दूध वेळेआधीच तोडत होती, कारण त्याशिवाय वजीफा मिळत नव्हता. फजरच्या नमाजेत हजरत उमर (रजि.) यांना रडू आवरेना. नमाजेनंतर त्यांनी जाहीर केले की यापुढे वजीफा जन्मापासून मिळेल.

या वाकिआकडे शिक्षक म्हणून आम्ही पाहतो, तेव्हा त्यात धोरणशास्त्राचा पूर्ण धडा दिसतो. नियम चांगल्या नियतने केला होता. पण त्याचा परिणाम कोणाच्या मनात नव्हता असा झाला. ते दरबारात बसून कळले नाही, रात्री बाहेर पडल्यावर कळले. आणि कळल्यावर नियम बदलला गेला. आजच्या कोट्यवधींच्या देशात प्रत्येक तंबूपर्यंत राज्यकर्ता जाऊ शकत नाही. म्हणून तिथे जाणारी, ऐकणारी आणि मोजणारी शिकलेली माणसे लागतात.

तक्रार आणि पुरावा

आपल्या समाजात तक्रारींची कमतरता नाही. जलसे होतात, निवेदने दिली जातात, फोटो छापून येतात. पण निवेदन घेणारा अधिकारी जेव्हा विचारतो, “किती मुले? कोणत्या तालुक्यात? गेल्या पाच वर्षांत वाढली की कमी झाली?” तेव्हा आपण एकमेकांकडे पाहू लागतो. २०२१ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणाचा निकाल लागला, तेव्हापासून ‘इम्पिरिकल डेटा’ हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. न्यायालयाने मागितले ते हेच: भावना बाजूला ठेवा, मोजून आणा.

मोजल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण सच्चर समितीचे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली २००५ मध्ये समिती नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल संसदेत मांडला गेला. समितीचे सदस्य-सचिव होते अर्थशास्त्रज्ञ डॉ. अबूसालेह शरीफ. तोपर्यंत देशात एक समज पक्का होता की मुसलमान आपली मुले शाळेत न पाठवता मदरशांत पाठवतात. अहवालाने आकडा मांडला: शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास मुले मदरशांत जातात. दुसरा आकडा आपल्यासाठी आरसा होता. २००१ च्या जनगणनेनुसार वीस वर्षांवरील एकूण लोकसंख्येत सुमारे ७ टक्के लोक पदवी किंवा पदविकाधारक होते, मुस्लिमांत हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होते. पहिल्या आकड्याने इतरांचा गैरसमज खोडला, दुसऱ्याने आपली झोप उडवली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या त्यानंतरच्या वर्षांत सुरू झाल्या.

आपल्या राज्यात २००८ मध्ये माजी सनदी अधिकारी डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला आणि त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. जुलै २०१४ मध्ये मुस्लिमांतील मागास घटकांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली, पण शिक्षणातले आरक्षण रोखले नाही. पुढे अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचा कायदा झाला नाही. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. अहवाल हाती होते म्हणून न्यायालयात निदान शिक्षणाची बाजू टिकली. आणि आकडे असले म्हणून सगळे मिळतेच असेही नाही, त्यापुढे राजकीय इच्छाशक्ती लागते. पण आकडेच नसतील तर दारापर्यंतही पोहोचता येत नाही.

आमच्याच शाळेतली गोष्ट घ्या. केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती पूर्वी पहिलीपासून मिळत असे. २०२२-२३ पासून ती नववी आणि दहावीपुरतीच राहिली. पहिली ते आठवीचे शिक्षण कायद्याने मोफत आहे, असे कारण दिले गेले. आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे ते अर्ज भरले आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माता पाहिल्या आहेत. स्टाफरूममध्ये कोणी म्हणतो, ही रक्कम बंद झाल्याने सहावी-सातवीच्या मुलींची हजेरी घसरली. कोणी म्हणतो, एवढ्याशा रकमेने काय फरक पडणार? दोघेही आपापल्या वर्गावरून बोलतात. पण वर्गाचा अनुभव हा पुरावा होत नाही. शंभर शाळांची हजेरीपुस्तके आधीची आणि नंतरची घेऊन कोणी बसले, तरच उत्तर निघेल. असे बसणे म्हणजेच पीएच.डी.

ज्यांनी हे केले

डॉ. झाकीर हुसैन यांचे नाव आपण राष्ट्रपती म्हणून घेतो. त्यांनी १९२६ मध्ये बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन जामिया मिल्लियाची जबाबदारी उचलली. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकण्याच्या ‘नई तालीम’चा आराखडा बनवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. देशातल्या प्रत्येक खेड्यातल्या मुलाने काय आणि कसे शिकावे, हे ठरवणाऱ्या टेबलावर एक मुस्लिम विद्वान मुख्य जागी बसला होता. तो वक्ता म्हणून नव्हे, अभ्यासक म्हणून तिथे होता.

अलीकडचे उदाहरण मुंबईचे. २००१ ते २००३ च्या काळात मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ हा उपक्रम चालवला. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले आणि रोजचे दोन तास, एवढाच उपक्रम. त्याचा उपयोग होतो का हे पाहण्यासाठी संशोधकांनी काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काही शाळांत चौथीला, आणि दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत कच्च्या मुलांचे जास्त वाढले. या संशोधकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अनेकांना वाटते की संशोधन म्हणजे ग्रंथालयातली धूळ. हे संशोधन तर आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या वर्गातच झाले.

वाट कशी आहे?

आता व्यवहाराचे बोलू. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी साधारणपणे पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात. ओबीसी नॉन-क्रिमीलेअर आणि इतर राखीव व आर्थिक दुर्बल घटकांना त्यात ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांची नवी पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केलेल्यांनाही थेट अर्ज करता येतो. मुदत कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा वर्षे. नोकरी करणाऱ्यांना संस्थेचे ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी. करता येते, हे आमच्या शिक्षक बांधवांनीही लक्षात घ्यावे.

पहिल्या वर्षी कोर्सवर्क असते. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, संशोधनातली प्रामाणिकता, स्वतःच्या विषयातले आधीचे काम. मग संशोधनाचा आराखडा मांडायचा, तो मंजूर झाला की क्षेत्रावर जायचे, माहिती गोळा करायची, तिचे विश्लेषण करायचे, प्रबंध लिहायचा आणि शेवटी मौखिक परीक्षेत तज्ज्ञांसमोर त्याची बाजू मांडायची.

कोठे? मुंबईत देवनारची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि जवळच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. पवईला आयआयटी मुंबईचे धोरण अभ्यास केंद्र. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. पुण्यात १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था. दिल्लीत आयआयटीचे सार्वजनिक धोरण विद्यालय, जेएनयू, आणि शिक्षणाच्या धोरणासाठी राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था. बंगळुरूचे आयआयएमही या विषयात डॉक्टरेट देते. शिवाय आपल्या विद्यापीठांतून राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, लोकप्रशासन, समाजशास्त्र किंवा शिक्षणशास्त्रात नाव नोंदवून धोरणाचाच प्रश्न अभ्यासता येतो. पदवीवर ‘पब्लिक पॉलिसी’ हे शब्द असलेच पाहिजेत असे नाही. प्रश्न नेमका हवा आणि मार्गदर्शक त्या विषयातला हवा.

प्रवेशाची मुख्य किल्ली म्हणजे नेट. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, अध्यापन आणि संशोधन क्षमतेचा. दुसरा १०० प्रश्नांचा, स्वतःच्या विषयाचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरले जातात. आयआयटी आणि आयआयएमच्या अटी मात्र वेगळ्या असतात. म्हणून प्रत्येक संस्थेची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

उर्दू आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना दोन ठिकाणी अडते: इंग्रजी आणि गणित. हे लपवण्यात अर्थ नाही. एम.ए.च्या काळातच रोज एक इंग्रजी संपादकीय वाचून त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावा, आणि संख्याशास्त्राचे पायाभूत पुस्तक हातावेगळे करावे. यात आपल्याकडची एक ठेव विसरू नये. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या कामगाराशी, त्याच्या घरातल्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलता येणे, सरकारी कागद मराठीत वाचता येणे आणि जुने दस्तऐवज उर्दूत वाचता येणे, हे सगळे एका माणसात क्वचित सापडते. ते आपल्या मुलींमध्ये सहज असते.

पैसा कुठून येणार?

नेटमध्ये वरच्या गुणांवर ज्युनियर रिसर्च फेलोशिप म्हणजे जेआरएफ मिळते. जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे. कमाल पाच वर्षे. म्हणजे जेआरएफ मिळालेली मुलगी घरावर भार नसते, उलट घराला हातभार लावू शकते. वयाची अट सर्वसाधारण ३० वर्षे असून मुलींना आणि ओबीसींना पाच वर्षांची सवलत आहे.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. ज्या घरांनी तिच्या भरवशावर बेत आखले होते त्यांना त्याची झळ लागली. पण दुःख करत बसण्यापेक्षा उरलेली दारे ठोठावावीत. त्यातले सर्वांत दुर्लक्षित दार म्हणजे ओबीसी दाखला. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्या मुलांना नेटमध्ये ओबीसीचा कोटा लागू होतो, मात्र केंद्राच्या यादीतही आपली जात आहे ना, हे तपासावे. राज्यात नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेची संशोधन फेलोशिप ओबीसींसाठी आहे, तिच्यासाठीही आपल्या मुलांनी अर्ज करावा. जे ओबीसीत येत नाहीत त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढावा. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली असून तिचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला ठरले आहे. तिच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे.

फेलोशिप नसेल तर? आमचा सल्ला स्पष्ट आहे. कर्ज काढून पीएच.डी. करू नका. एक-दोन वर्षे एखाद्या संशोधन प्रकल्पावर सहाय्यक म्हणून काम करा, पुन्हा नेट द्या. कामही शिकाल आणि आपल्याला हे आवडते की नाही तेही कळेल.

परदेशाचे दारही बंद नाही. अमेरिकेतील चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात खर्चापुरते मानधन मिळते. सिंगापूरला ली कुआन यू धोरण विद्यालय आहे. त्यासाठी तयारी दोन वर्षे आधी सुरू करावी लागते.

निकाहचा प्रश्न

हा प्रश्न मुलाच्या बाबतीत कोणी विचारत नाही, मुलीच्या बाबतीत सगळे विचारतात. ‘जास्त शिकली तर जोड मिळत नाही’ ही वालिदैनची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. मोहल्ल्यात ती खरी वाटावी अशी उदाहरणे असतात. पण शिकलेल्या मुलीला समजून घेणारी घरेही आता आहेत, आणि निकाह व शिक्षण यांत एकच निवडायचे असते असे कुठे लिहिलेले नाही. पीएच.डी.च्या नियमांनी मुलींना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत दिली आहे, आणि बाळंतपण व संगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले आहे की मुलगी लग्न करेल, आई होईल आणि प्रबंधही पूर्ण करेल.

बोलणी चालू असतानाच शिक्षणाची गोष्ट साफ बोलावी. ‘नंतर बघू’ या दोन शब्दांवर किती मुलींची पुस्तके माळ्यावर गेली, ते आम्ही पाहिले आहे. निकाहनाम्यात रास्त शर्ती लिहिता येतात. शिक्षण पूर्ण करू देण्याची शर्त आपल्या आलिमांचा आणि वकिलाचा सल्ला घेऊन लिहून घ्यावी. यात संकोच कसला? आपल्या शरीअतने निकाहला करार मानले आहे.

आणि पुढे काय?

पहिला रस्ता अध्यापनाचा. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. जुलै २०२३ पासून या पदाला नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. पण सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागतेच. दुसरी बाजूही सांगतो. आपल्या राज्यात प्राध्यापक भरती संथ आहे आणि तासिका तत्त्वावर वर्षे काढणारे कितीतरी पीएच.डी.धारक आहेत. फक्त प्राध्यापकीकडे डोळे लावून या वाटेला येऊ नये.

दुसरा रस्ता संशोधन संस्थांचा: दिल्लीची एनसीएईआर, सार्वजनिक वित्त आणि धोरणाची राष्ट्रीय संस्था, आणि वर सांगितलेल्या संस्थांतले प्रकल्प. तिसरा शासनाचा. नीती आयोग आणि राज्याची ‘मित्र’ संस्था यांना धोरण-विश्लेषक लागतात, आयोगांना आणि समित्यांना संशोधक लागतात. अर्थशास्त्र असेल तर लोकसेवा आयोगातून भारतीय आर्थिक सेवाही आहे. चौथा स्वयंसेवी क्षेत्राचा. ‘प्रथम’ची ‘असर’ पाहणी २००५ पासून निघते. पाचवीच्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो का, एवढा साधा प्रश्न तिने देशाला विचारला आणि सरकारांना उत्तर द्यायला लावले. पाचवा युनिसेफ, जागतिक बँक अशा आंतरराष्ट्रीय संस्थांचा. तिथे पीएच.डी.सोबत क्षेत्रकामाचा अनुभव पाहतात.

आधी चाखून पाहायचे असेल तर राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप आहे. २१ ते २६ वयाच्या, किमान एक वर्षाचा अनुभव असलेल्या प्रथम श्रेणीच्या पदवीधरांसाठी. दिल्लीत खासदारासोबत संसदीय कामकाज शिकण्याची ‘लॅम्प’ फेलोशिप आहे. अशा एका वर्षाने पुढची पाच वर्षे द्यावीत की नाही हे नीट ठरवता येते.

कोणी या वाटेला येऊ नये?

नावापुढे ‘डॉ.’ लागावे एवढ्यासाठी येऊ नये. नोकरी मिळत नाही म्हणून वेळ काढायला येऊ नये. आणि प्रबंध विकत घेऊन लिहवून आणण्याचा विचार ज्याच्या मनात असेल त्याने तर मुळीच येऊ नये. असे प्रबंध लिहून देणारे लोक शहरोशहरी आहेत. दुसऱ्याचे लिहिणे आपल्या नावावर देणे म्हणजे खोटी साक्ष देण्यासारखेच. ज्या आकड्यांवरून गरिबाच्या ताटातले ठरणार, त्यात खोट घालणे ही अमानतीत खियानत आहे. आकडा आपल्या बाजूचा नसला तरी तो जसा निघाला तसाच लिहायचा. ही हिंमत नसेल तर डिग्री घेऊन समाजाचे भले होणार नाही.

शेवटी

हे सगळे आम्ही त्या अब्बांना त्यांच्या घरी बसून सांगितले. मुलगीही होती, अम्मीही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बरं सर, आधी काय करायचं?” आम्ही म्हणालो, आधी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर काढा, डिसेंबरची नेट द्यायची आहे.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला होता. त्यांनी आपल्या वालिदांच्या शाळेतून जुना निर्गम उतारा काढला, तर जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’ लिहिलेले. बागवान हा शब्दच नाही. ज्या मास्तरांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी ते लिहिले, त्यांना त्या एका शब्दाचे पुढे काय होईल हे कसे माहीत असणार? आता दूरच्या चुलत्यांचे उतारे, जुने खरेदीखत, नगरपालिकेची नोंद असे शोधणे चालू आहे.

“सर, पोरगी रोज माझ्याबरोबर येते,” ते म्हणाले. “रांगेत उभ्या असलेल्या आपल्या लोकांना विचारते, तुमच्या दाखल्यावर काय लिहिलंय? वहीत लिहून घेते. काल म्हणाली, अब्बा, नऊ जणांना विचारलं, सहा जणांच्या दाखल्यावर तुमच्यासारखंच आहे. अशी महाराष्ट्रात किती घरं असतील?”

आम्ही त्यांना सांगितले की ती वही जपून ठेवा. ओबीसी असूनही एका रकान्यामुळे हक्काबाहेर राहिलेली किती मुस्लिम कुटुंबे आहेत आणि त्यासाठी नियमात काय बदल करता येईल, हा पीएच.डी.चा उत्तम विषय आहे. मुलीला तो ग्रंथालयात शोधावा लागला नाही.

“म्हणजे हीच ती पॉलिसी?” त्यांनी विचारले.

हीच ती. दाखला मिळायला अजून दोन-तीन फेऱ्या लागतील. नेटचा अर्ज मात्र तिने भरला आहे. वाचकांनी दुआ करावी, आणि आपल्या घरातल्या जुन्या दाखल्यांवर काय लिहिले आहे ते या महिन्यातच काढून पाहावे.